नव्या छोट्या टँकमध्ये पहिला मासा कोणता?

टेस्ट किटच्या एका नळीत अमोनिया शून्य, दुसरीत नायट्राइट शून्य, तिसरीत नायट्रेटचा केशरी रंग. रिकाम्या टँकसमोर चार ते सहा आठवडे धीर धरला की हा निकाल हाती येतो, आणि येत्या रविवारी पावलं आपोआप दुकानाकडे वळतात. कितीतरी टँक नेमके इथेच बिघडतात. सायकल, म्हणजे माशांचा अमोनिया संपवणारे जिवाणू टँकमध्ये वाढवण्याचं काम, व्यवस्थित झालेली असते, पण मासा निवडताना घाई होते.

आधी सायकल झाली म्हणजे काय झालं ते बघू, कारण माशाची निवड त्यावरच उभी आहे. मासा श्वास घेतो तेव्हाच त्याच्या कल्ल्यांमधून अमोनिया पाण्यात येत असतो. विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून येतो तो वेगळा. म्हणजे टँक कितीही स्वच्छ दिसला तरी अमोनिया तयार होणं थांबत नाही. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो. तेही विषारीच; ते माशाच्या रक्तात शिरलं की रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. ते बरंच निरुपद्रवी असतं आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते फिल्टरच्या स्पंजला, वाळूला, काचेला चिकटून राहतात. म्हणून स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टँकमधून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा.

हे जिवाणू मिळणाऱ्या अमोनियाच्या मानानेच वाढतात, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही बाटलीतला अमोनिया घालून सायकल केली असेल आणि 2 पीपीएम (लिटरमागे 2 मिलिग्रॅम) अमोनिया 24 तासांत पूर्ण नाहीसा होत असेल, तर तुमच्या फिल्टरची ताकद चांगली आहे. चिमूटभर खाद्य कुजवून सायकल केली असेल तर जिवाणूही तेवढेच असतील. आणि निकाल शून्य आल्यावर आठवडा-दोन आठवडे टँक तसाच रिकामा ठेवला, अमोनियाही घातला नाही, तर उपाशी जिवाणू मंदावतात. मासे आणायच्या आदल्या दिवसापर्यंत त्यांचा खुराक चालू ठेवा.

छोटा टँक म्हणजे इथे मी साधारण दोन फुटी धरतोय, 60 × 30 × 30 सेंटीमीटर. हिशेबाने त्यात 54 लिटर मावतात, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की हातात 45 लिटरच्या आसपास पाणी उरतं. एवढ्या पाण्यात चूक पचायला जागा नसते. रोपांमागे एक मेलेला मासा दोन दिवस राहून गेला, किंवा घरातल्या लहानग्याने प्रेमाने मूठभर दाणे टाकले, की अमोनिया वर येतो. पाणी कमी म्हणून ते तापतंही लवकर आणि गारही लवकर पडतं.

दुकानाआधी नळ

माझं ठाम मत असं की छोट्या टँकचा पहिला मासा नळाच्या पाण्याने ठरवावा, आणि टँकमध्ये एकच जात ठेवावी. दुकानातल्या काचेमागे काय चमकतंय हा प्रश्न त्यानंतरचा.

मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचं पाणी येतं. पुण्याला खडकवासला साखळीतलं. पावसाचं साठवलेलं पाणी असल्याने ते बरंचसं मऊ असतं. बोअरवेलचं पाणी मात्र खडकातून झिरपत आलेलं, क्षारांनी भरलेलं. नळाच्या तोटीवर आणि बाथरूमच्या टाइल्सवर पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही, ते पाणी जड समजा. ज्या सोसायट्यांमध्ये उन्हाळ्यात टँकर येतात तिथे दोन्ही प्रकार आलटून पालटून येतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये पाणी पुन्हा तपासून घ्यावं लागतं. जीएच आणि केएच मोजणारं थेंबांचं किट त्यासाठी घ्याच. जीएच म्हणजे पाण्याचा एकूण जडपणा, आणि केएच म्हणजे पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचा आकडा) घसरू न देण्याची पाण्याची ताकद. जिवाणू अमोनिया संपवताना केएचही खात असतात. मऊ पाण्याच्या छोट्या टँकमध्ये केएच 2 च्या खाली गेला तर पीएच अचानक कोसळू शकतो, आणि मग जिवाणूंचं कामही थंडावतं. यावरचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी न चुकता बदलणं.

पिण्याच्या आरओ मशीनचं पाणी 'शुद्ध' म्हणून पूर्ण टँकमध्ये भरू नका. त्यात क्षार जवळपास उरलेलेच नसतात, केएचही नसतो. फार जड पाणी थोडं सौम्य करायला ते मिसळता येतं, तेही दर वेळी त्याच प्रमाणात.

जड पाण्याची काळजी आणखी एका कारणाने घ्यायची. किट जो अमोनिया दाखवतं त्यातला थोडाच भाग खरा विषारी असतो, आणि तो किती हे पीएच आणि तापमानावर ठरतं. 25 अंश सेल्सिअसला पीएच 7 असेल तर साधारण अर्धा टक्का, पीएच 8 असेल तर 5 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दहापट. बोअरच्या पाण्याचा पीएच बऱ्याचदा 8 च्या घरात असतो, त्यामुळे तिथे किटवरचा 0.5 हा आकडाही 'चालतंय' म्हणून सोडायचा नाही.

तापमानाचं गणितही तुमच्या गावावर आहे. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. नागपूर, चंद्रपूरच्या मे महिन्यात घरातल्या टँकचं पाणीही 30 च्या वर जातं. नाशिकच्या डिसेंबरात तेच पाणी रात्री 20 पर्यंत उतरू शकतं. थर्मामीटर लावून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडे लिहून ठेवा. कोणते मासे तुमच्या घरात हीटरशिवाय राहतील हे त्या कागदावरून कळतं.

मग कोणते?

पाणी जड असेल तर गप्पी. महाराष्ट्रात हा मासा माहीत नाही असा माणूस विरळा, कारण डासांच्या अळ्या खातो म्हणून हिवताप विभागाची माणसं तो विहिरींत आणि टाक्यांत सोडतात. जड, किंचित अल्कधर्मी पाणी आणि 24 ते 28 अंश तापमान त्याला मानवतं. पहिल्या टँकसाठी माझा आग्रह फक्त नरांचा. नर ओळखायला सोपा: अंगाने बारीक, शेपटी मोठी आणि रंगीत, आणि पोटाखालचा पर काडीसारखा टोकदार. मादी भरलेली, फिकट रंगाची, शेपटीजवळ पोटावर काळसर डाग. दुकानातली मादी बहुधा आधीच गाभण असते, आणि एकदा नराशी संबंध आला की त्याचे शुक्राणू ती काही महिने साठवून ठेवते. नुसत्या माद्या आणल्या तरी दर महिन्याच्या आसपास वीस-तीस पिल्लं होत राहतात, आणि 45 लिटरचा हिशेब दोन-तीन महिन्यांत कोलमडतो. सहा नर आणा. ते एकमेकांपुढे पंख फुलवून मिरवत राहतात आणि टँक भरल्यासारखा दिसतो. मोठ्या शेपटीचे परदेशी वाणाचे गप्पी दिसायला देखणे, पण एकाच घराण्यात पिढ्यानपिढ्या वाढवलेले असल्याने नाजूक असतात. जवळपास कोणी घरी गप्पी वाढवत असेल तर त्याच्याकडून घ्या. ते तुमच्याच पाण्यात जन्मलेले असतात. एक खबरदारी: डासांसाठी वाटल्या जाणाऱ्या माशांत गॅम्बुसिया नावाचा राखाडी मासाही असतो. तो दिसतो गप्पीच्या मादीसारखा, पण दुसऱ्यांचे पर कुरतडतो.

पाणी मऊ असेल तर पर्याय जास्त. हार्लेक्विन रासबोरा हा माझा पहिला कौल. तांबूस अंग, मागच्या अर्ध्यावर काळा त्रिकोण, लांबी साडेचार सेंटीमीटरपर्यंत. मलेशिया-सुमात्राकडच्या मऊ पाण्याचा हा मासा, स्वभावाने शांत, कोणाच्या वाटेला जात नाही. आठ एकत्र ठेवा. दोन-तीनच आणले तर ते कोपऱ्यात दबून राहतात, रंगही उतरतो. त्याहून लहान हवा असेल तर एम्बर टेट्रा. ब्राझीलचा हा नारंगी मासा जेमतेम दोन सेंटीमीटरचा, आठ-दहा सहज राहतात. चेरी बार्ब श्रीलंकेचा. नर लाल, मादी तपकिरी. सहाचा गट पुरे. सवयीने तो मध्यम जड पाण्यातही रुळतो.

हनी गुरामीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हा आपल्याच उपखंडातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला मासा आहे आणि नवशिक्यांपर्यंत तो पुरेसा पोहोचलेला नाही. ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी केलेले स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. लांबी चार-पाच सेंटीमीटर, रंग मधासारखा. त्याच्या पोटाखाली दोन लांब, दोऱ्यासारखे पर असतात. ते पुढे वळवून तो पान, काच, शेजारचा मासा, सगळं चाचपत फिरतो. नवी वस्तू टँकमध्ये ठेवली की आधी थोडा लांब थांबतो, मग एक पर हळूच पुढे करून तिला स्पर्श करतो. विणीच्या काळात नराचा गळा आणि पोट गडद निळं-काळं होतं आणि तो पाण्याच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो. एक जोडी, तरंगती रोपं आणि मंद फिल्टर एवढं त्याला पुरतं. घेताना आकार बघा. 'सनसेट' नावाने विकला जाणारा गुरामी बऱ्याचदा वेगळ्या, जाड ओठांच्या जातीचा असतो आणि तो जवळपास दुप्पट वाढतो.

गुरामीचा आणि फायटरचा आणखी एक फायदा आपल्याकडे फार मोलाचा आहे. या माशांना कल्ल्यांच्या जोडीला एक खास अवयव असतो, त्याने ते वरची हवा थेट श्वासात घेतात. वीज चार-पाच तास गेली, फिल्टर आणि एअर पंप बंद पडले, तरी ते तग धरतात. ज्या भागात भारनियमन नेहमीचं आहे तिथे मी हाच मुद्दा सगळ्यात वर ठेवीन. बाकी कोणतेही मासे ठेवले तर बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात हवाच. तो माशांना ऑक्सिजन देतो आणि स्पंजमधल्या जिवाणूंनाही, कारण त्यांनाही ऑक्सिजन लागतो.

फायटर म्हणजे बेटा. तो काचेच्या ग्लासात विकला जातो म्हणून ग्लासात राहतो असा समज पसरला. प्रत्यक्षात त्याला किमान 20 लिटर पाणी, 26 ते 28 अंश उबदारपणा आणि हळू प्रवाह हवा. टँक फूटभराचा असेल, म्हणजे 25 लिटरच्या आसपास, तर एक फायटर हाच योग्य मासा, आणि तो एकटाच. दोन नर एकत्र ठेवले तर एक मरेपर्यंत झुंजतात. गप्पीची लांब शेपटी बघूनही तो चवताळू शकतो. पाणी मऊ आहे की जड याची तो फारशी तक्रार करत नाही.

झेब्रा डॅनिओ सगळीकडे 'पहिला मासा' म्हणून सुचवला जातो. तो काटक आहेच. भारतीय उपखंडातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांत तो राहतो, थंडी-ऊन दोन्ही सोसतो, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत आनुवंशिकीचा अभ्यास याच माशावर चालतो. पण तो दिवसभर धावत असतो आणि उडीही मारतो. दोन फुटांपेक्षा आखूड टँकमध्ये त्याला कोंडू नका, आणि टँकला झाकण हवंच.

निऑन टेट्रा सुंदर आहे, पण तो पहिला नको. नव्या टँकमधले छोटे चढउतार त्याला सोसत नाहीत. तीन-चार महिन्यांनी त्याचा विचार करा. ओटो नावाचा शेवाळ खाणारा छोटा मासाही तसाच. नव्या टँकमध्ये त्याला पुरेल एवढं शेवाळच नसतं.

ज्यांना नाही म्हणायचं

दुकानात मासा दिसतो तो पिल्लाच्या वयात, हे सतत ध्यानात ठेवा. लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होतं, आणि घाण वजनाच्या हिशेबाने वाढते. 'अमुक लिटरला अमुक इंच मासा' हा नियम म्हणूनच फसवा आहे. दहा सेंटीमीटरचा एक मासा म्हणजे दोन सेंटीमीटरचे पाच मासे नव्हेत. वजनाने तो एकटा तसल्या शंभराहून जास्त माशांएवढा भरतो.

गोल्डफिश साध्या टँकमध्येही 15 सेंटीमीटरच्या पुढे जातो, खूप खातो, खूप घाण करतो आणि त्याला गार पाणी आवडतं. वाडग्यातला गोल्डफिश हे त्याच्या हालांचं चित्र आहे. 'काच साफ करतो' म्हणून हातात ठेवला जाणारा सकर 40 सेंटीमीटरपर्यंत वाढतो, आणि कंटाळलेल्या लोकांनी सोडून दिल्यामुळे तो आज देशातल्या अनेक नद्या-तलावांत पसरून मासेमारांची जाळी फाडतोय. 'शार्क' म्हणून विकलं जाणारं ते चपळ करडं पिल्लू म्हणजे पंगस. तो मीटरभर होतो, आणि हॉटेलांत 'बासा' म्हणून ताटात येतो. ऑस्कर फूटभर वाढतो. टायगर बार्ब छोटा आहे, पण छोट्या जागेत दुसऱ्यांचे पर तोडतो. एंजलला उंच टँक हवा. आणि अंगावर गुलाबी, जांभळा, पोपटी भडक रंग असलेले काचमासे दिसले तर त्यांना सुईने रंग टोचलेला असतो. तो काही महिन्यांत उतरतो, जखमेतून संसर्ग होतो. असे मासे विकत घेणं म्हणजे ती क्रूरता चालू ठेवणं. मागणीच थांबली पाहिजे.

खरेदीच्या दिवशी

आपल्या बाजारातले बरेच मासे कोलकाता किंवा चेन्नईहून पिशव्यांत बंद होऊन येतात. नवीन माल आला त्याच दिवशी घेऊ नका. दमलेल्या माशांतले कच्चे पहिल्या आठवड्यातच मरतात. आवडलेला गट दुकानदाराला सांगून ठेवा आणि आठवड्याने जा. गेल्यावर दुकानदाराला चिमूटभर खाद्य टाकायला सांगा. निरोगी मासा लगेच वर झेपावतो. पर अंगाला मिटून बसलेला, पोट आत गेलेलं, पृष्ठभागाशी येऊन धापा टाकणारा, अंगावर रव्याच्या कणासारखे पांढरे ठिपके असलेला एकही मासा त्या काचेत दिसला तर त्या टँकमधला कोणताच मासा घ्यायचा नाही. त्याच टँकमध्ये मेलेला मासा पडला असेल तरीही नाही.

घरी आल्यावर टँकचा दिवा बंद ठेवा. बंद पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. मग पिशवी उघडून दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टँकचं पाणी तिच्यात घाला, पिशवीतलं पाणी दुप्पट होईपर्यंत. शेवटी जाळीने मासे उचलून टँकमध्ये सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका, दुकानातला रोग त्यातूनच घरी येतो.

गट एकदम आणायचा की थोडा थोडा? 2 पीपीएम अमोनिया एका दिवसात संपवणारा टँक असेल तर आठ रासबोरा किंवा सहा गप्पी एकाच वेळी आणा; कळपातले मासे एकत्र आले की कमी घाबरतात. सायकल खाद्य कुजवून झाली असेल तर निम्मे आणा, उरलेले तीन आठवड्यांनी. दोन्ही वेळी पहिल्या दिवशी काही खायला घालू नका. पुढे दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत फस्त होईल एवढं. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट तपासा. यातलं काहीही 0.25 च्या वर दिसलं तर त्याच दिवशी एक तृतीयांश ते निम्मं पाणी बदला आणि पुढचा दिवस मासे उपाशी ठेवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. बदलायचं पाणी एक तर क्लोरीन काढणारे थेंब घालून वापरा, किंवा उघड्या बादलीत 24 तास ठेवून.

गणपतीला चार-पाच दिवस गावी जायचं असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदला, फिल्टर चालू ठेवा, दिव्याला टायमर लावा. धडधाकट वाढलेले मासे तेवढे दिवस खाण्याशिवाय आरामात राहतात. शेजाऱ्यांकडे किल्ली द्या, पण खाद्याचा डबा कपाटात ठेवून जा. वीज गेली का आणि आल्यावर फिल्टर पुन्हा सुरू झाला का, एवढंच त्यांना बघायला सांगा.